अठरा मॅचमध्ये नापास : ब्राइस यंगची केस

२०२४ चे गणपती ७ सप्टेंबरला बसले, शनिवार होता. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतल्या आमच्या शार्लटच्या अमेरिकन फुटबॉल टीमने, म्हणजे कॅरोलायना पँथर्सने, सीझनची पहिली मॅच न्यू ऑर्लिन्सला जाऊन ४७-१० अशी घालवली. पुढच्या रविवारी घरच्या मैदानावर चार्जर्सकडून २६-३. आणि सोमवारी १६ तारखेला कोचने जाहीर केलं की क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, ब्राइस यंग आता बसणार आणि ३६ वर्षांचा अँडी डॉल्टन खेळणार. अनंत चतुर्दशी मंगळवारी होती. आमच्या ग्रुपवर लगेच मेसेज पडला, बाप्पाच्या एक दिवस आधीच ह्याचं विसर्जन. मीपण हसायचा इमोजी टाकला, खोटं कशाला बोलू. आमच्यातल्या एका नाशिककराने पोरासाठी घेतलेली यंगची ९ नंबरची जर्सी त्याच संध्याकाळी दान द्यायच्या पिशवीत टाकली आणि तिचा फोटोसुद्धा पाठवला.

त्या दिवशीचा यंगचा हिशोब असा : १८ मॅच खेळला, २ जिंकला, १६ हरला. वय २३. हा पोरगा फुकट गेला असं तेव्हा म्हटलं असतं तर कोणी वाद घातला नसता. मला ही केस म्हणूनच लिहावीशी वाटली, कारण आकडे सगळे खरे होते आणि निकाल तरी घाईचा होता, आणि घाई नेमकी कुठे झाली ते आता बऱ्यापैकी दिसतं.

आधी थोडं मागचं

ज्यांना हा खेळ फारसा माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, कॉलेजातल्या पोरांचा आयपीएलसारखा लिलाव नसतो, ड्राफ्ट असतो, आदल्या वर्षी जी टीम सगळ्यात वाईट खेळली तिला पहिला नंबर मिळतो. पाहिजे तर तो नंबर दुसऱ्या टीमकडून विकत घेता येतो, पैसे देऊन नाही, खेळाडू आणि पुढचे नंबर देऊन. आणि क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात प्रत्येक वेळी बॉल येतो आणि साधारण अडीच-तीन सेकंदात कोणाला फेकायचा ते ठरवायचं असतं, तेवढ्यात सव्वाशे-दीडशे किलोचे चार-पाच जण त्याला जमिनीत गाडायला धावत येत असतात. बॉल किती पुढे गेला ते यार्डात मोजतात, शेवटच्या रेषेपार नेला की टचडाउन, आणि फेकलेला बॉल समोरच्या टीमने पकडला तर इंटरसेप्शन.

पँथर्सकडे २०२३ ला नववा नंबर होता. मार्चमध्ये त्यांनी शिकागो बेअर्सकडून पहिला नंबर घेतला आणि त्यासाठी दिलं काय तर तो नववा नंबर, त्याच वर्षीचा एकसष्टावा, २०२४ चा पहिल्या राउंडचा, २०२५ चा दुसऱ्या राउंडचा, आणि वर डी. जे. मूर, म्हणजे टीमचा सगळ्यात चांगला रिसीव्हर, फेकलेला बॉल पकडणारा. ह्या शेवटच्या गोष्टीकडे तेव्हा लोकांनी फार लक्ष दिलं नाही. नवीन स्वयंपाकी आणायचा आणि त्याच्या पगारासाठी घरातला गॅस विकायचा असा तो प्रकार होता. मूरने त्याच वर्षी शिकागोला ९६ कॅच घेतले, १,३६४ यार्ड.

आता यंग का घेतला. अलाबामा कॉलेजकडून खेळलेला पोरगा, २०२१ ला हाइजमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, त्या वर्षी ४,८७२ यार्ड आणि ४७ टचडाउन. डोकं अतिशय शांत. एकच शंका, उंची. मापात ५ फूट १० इंच आणि वर थोडंसं, वजन २०४ पाउंड. दुसरा पर्याय सी. जे. स्ट्राउड, ओहायो स्टेटचा, उंच, हात जबरदस्त, पण त्याच्याबद्दल एका आकलन चाचणीत १८ पर्सेंटाइल मिळाल्याची बातमी फुटली आणि यंगला त्याच चाचणीत ९८ असल्याची. ही चाचणी म्हणजे स्क्रीनवर भराभर काहीतरी चमकतं आणि ते लक्षात ठेवून बटण दाबायचं वगैरे. ड्राफ्टच्या आधीच्या आठवड्यात ह्या १८ वर जेवढी चर्चा झाली त्याच्या निम्मी जरी स्ट्राउडच्या जॉर्जियाविरुद्धच्या मॅचवर झाली असती तर बरं झालं असतं. ३१ डिसेंबर २०२२ ची मॅच, ४२-४१ ने हरले, पण देशातल्या सगळ्यात कडक डिफेन्ससमोर ह्याने ३४८ यार्ड आणि ४ टचडाउन केले, आणि दबावातून बाहेर पळून फेकणं त्याला जमत नाही असं जे म्हणत होते ते त्या रात्री गप्प बसायला पाहिजे होते.

पण एक सांगतो, यंगला पहिला घेणं हा वेडेपणा नव्हता. बहुतेक जाणकारांच्या यादीत तोच पहिला होता. आज जे म्हणतात आम्हाला तेव्हाच माहीत होतं, त्यांचे तेव्हाचे मेसेज माझ्याकडे आहेत.

पहिलं वर्ष

२७ एप्रिल २०२३ ला यंग पहिला, स्ट्राउड दुसरा, ह्यूस्टन टेक्सन्सकडे. वर्षअखेर यंग : २,८७७ यार्ड, ११ टचडाउन, १० इंटरसेप्शन, टीम २-१५, म्हणजे २ जिंकल्या, १५ हरल्या. स्ट्राउड : ४,१०८ यार्ड, २३ टचडाउन, फक्त ५ इंटरसेप्शन, टीम १०-७, प्लेऑफमध्ये क्लीव्हलंडला ४५-१४, आणि वर वर्षातला सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह रूकी, म्हणजे पहिल्या वर्षाचा खेळाडू. हे दोघे समोरासमोर एकदाच आले, २९ ऑक्टोबरला शार्लटमध्ये, आणि ती मॅच पँथर्सने १५-१३ जिंकली, त्या सीझनमधला पहिला विजय. पुढच्याच रविवारी स्ट्राउडने टँपाविरुद्ध ४७० यार्ड आणि ५ टचडाउन मारले आणि आमची ती मॅच सगळे विसरले.

यंगचा आणखी एक आकडा आहे तो म्हणजे ६२. इतक्या वेळा त्याला बॉल हातात असताना पाडलं, म्हणजे सॅक. रूकीच्या बाबतीत ह्याहून वाईट तोपर्यंत एकच होतं, २००२ ला डेव्हिड कार, ७६ वेळा, आणि ती टेक्सन्सची टीम कोऱ्या पाटीवरून त्याच वर्षी सुरू झालेली.

मी इथे एका बँकेत काम करतो (शार्लटमध्ये निम्मं गाव बँकेतच असतं) आणि माझ्या डोक्यात हे सगळं जॉइंट अकाउंटसारखं येतं. सॅक, यार्ड, इंटरसेप्शन, हे व्यवहार सगळे क्वार्टरबॅकच्या नावावर छापून येतात पण खात्यावर सह्या पाच-सहा जणांच्या असतात. समोर उभं राहून त्याला वाचवणारे पाच लाइनमन (मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल), रिसीव्हर, प्ले म्हणजे चाल सांगणारा कोच. रूकीच्या वर्षात तर पोराची स्वतःची सही सगळ्यात लहान असते आणि स्टेटमेंट मात्र त्याच्या एकट्याच्या घरी येतं.

पँथर्सचं खातं बघा. डावा गार्ड ब्रेडी क्रिस्टेनसन पहिल्याच मॅचनंतर सीझनभर बाहेर. उजवा गार्ड ऑस्टिन कॉर्बेट गुडघ्यामुळे सुरुवातीला नाहीच. मूर विकलेला, त्यामुळे मुख्य रिसीव्हर कोण तर ३३ वर्षांचा अॅडम थीलन, त्याने बिचाऱ्याने १०३ कॅच घेतले कारण दुसरं कोणी मोकळं सुटतच नव्हतं. कोच फ्रँक राइक, त्याने प्ले सांगायचं काम ऑक्टोबरमध्ये असिस्टंट थॉमस ब्राउनला दिलं, नोव्हेंबरमध्ये परत घेतलं, आणि नोव्हेंबर संपायच्या आत १-१० वर त्यालाच काढलं, सोबत क्वार्टरबॅक कोच जॉश मकाउनलाही. म्हणजे बावीस वर्षांच्या पोराला एका सीझनमध्ये भाषा शिकवणारे मास्तर तीनदा बदलले. शेवटच्या दोन मॅचमध्ये टीमने एकही पॉइंट केला नाही, २६-० आणि ९-०, आणि त्यातल्या पहिल्या मॅचला मालक डेव्हिड टेपर ह्यांनी बॉक्समधून समोरच्या प्रेक्षकावर ड्रिंक फेकलं आणि लीगने त्यांना ३ लाख डॉलर दंड केला. सगळ्यात वाईट रेकॉर्ड म्हणून २०२४ चा पहिला नंबर मिळाला तोही शिकागोला गेला, आधीच दिलेला ना, त्यांनी त्यातून केलेब विल्यम्स घेतला. आणि गंमत म्हणजे केलेबला पहिल्या वर्षी ६८ वेळा पाडलं.

गार्डचं प्रकरण

इथे जरा थांबतो कारण ह्या केसमधली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट उंची नसून गार्ड आहे, आणि दोन्हींचा संबंध आहे.

एक स्नॅप डोळ्यासमोर आणा. बॉल मागे आला, यंग तीन-चार पावलं मागे सरकला. आता पाच लाइनमनचा एक अर्धगोल तयार होतो त्याला पॉकेट म्हणतात. कडेने, टॅकलच्या बाजूने कोणी वळसा घालून आला तर त्याला उपाय आहे, क्वार्टरबॅक एक पाऊल पुढे येतो आणि येणारा माणूस त्याच्या पाठीमागून निघून जातो. पण मधून, गार्ड आणि सेंटरच्या जागेतून कोणी आत घुसला तर पुढे यायला जागाच नाही. साडेसहा फुटी माणसाला निदान वरून दिसतं. पाच-दहाच्या माणसाला समोरचा गार्ड मागे ढकलला जाताना फक्त त्याची पाठ दिसते. मग तो काय करतो, मागे मागे सरकतो. मागे सरकत फेकलेला बॉल कधी पूर्ण जोराने जात नाही, आणि असं दहा वेळा झालं की अकराव्या वेळी कोणी आलेलं नसतानाही पाय आपोआप मागे पळतात. यंगचं २०२३ चं फिल्म बघितलं तर हे पळणारे पाय दिसतात. सवय त्याचीच, ती लावली लाइनने, पण एकदा लागली की ती त्याच्या खात्यात.

म्हणजे मी त्याला निर्दोष ठरवत नाहीये. चार्जर्सविरुद्धची ती शेवटची मॅच घ्या. २६ पैकी १८ पास पूर्ण. ऐकायला छान वाटतं ना, एकोणसत्तर टक्के. यार्ड किती? ८४. एका पासमागे सव्वातीन यार्डसुद्धा नीट नाहीत, एवढे तर लोक नुसता बॉल हातात धरून पळत जाऊन काढतात. त्या दिवशी लाइन इतकी वाईट नव्हती. उन्हाळ्यात रॉबर्ट हंटला पाच वर्षांचे १० कोटी डॉलर आणि डेमियन लुइसला चार वर्षांचे ५ कोटी ३० लाख देऊन दोन नवीन गार्ड आणले होते, म्हणजे दुखणं कुठे आहे ते नव्या जनरल मॅनेजरला, डॅन मॉर्गनला, बरोबर कळलं होतं. तरी यंग घाबरून लगेच जवळच्या माणसाला बॉल देऊन मोकळा होत होता. गार्ड बदलले होते, पाय नव्हते बदलले.

म्हणून नवा कोच डेव्ह कनालेसने त्याला बसवलं. हा माणूस आधी सिअॅटलला जीनो स्मिथसोबत आणि टँपाला बेकर मेफील्डसोबत होता, दोघेही लोकांनी मोडीत काढलेले आणि त्याच्या हाताखाली वर आलेले. त्याला आणलाच मुळी यंगसाठी, आणि त्यानेच दोन मॅचमध्ये खाली बसवलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं संपलं.

डॉल्टनची परीक्षा

कोणाला मुद्दाम प्रयोग करायचा असता तरी असा जमला नसता. तीच लाइन, तेच रिसीव्हर, तेच प्ले, फक्त क्वार्टरबॅक बदलला. पहिल्या मॅचला डॉल्टनने लास व्हेगासला जाऊन ३१९ यार्ड, ३ टचडाउन, ३६-२२ विजय. झालं, निकाल लागला. टीव्हीवर, ऑफिसात, आमच्या ग्रुपवर, सगळीकडे एकच, बघा म्हणजे दोष पोराचाच होता.

पुढच्या चार मॅच मात्र कोणी पुराव्यात धरल्या नाहीत. सिनसिनाटीकडून ३४-२४, शिकागोकडून ३६-१०, अटलांटाकडून ३८-२०, वॉशिंग्टनकडून ४०-७. चारही हार. पहिल्या मॅचमध्ये क्वार्टरबॅक दोषी ठरला होता तर ह्या चारमध्ये घर, म्हणजे बाकी टीम, दोषी ठरायला हवं होतं, पण माणसाचं असं असतं की मनासारखा पुरावा एक मिळाला की दुसरा शोधायला कोणी जात नाही. त्या वर्षीच्या पँथर्सच्या डिफेन्सने एकूण ५३४ पॉइंट दिले, लीगच्या इतिहासात एका सीझनमध्ये कोणीही दिलेले सगळ्यात जास्त. असा डिफेन्स असला की दुसऱ्या क्वार्टरपासूनच मागे पडून फेकत बसावं लागतं, समोरच्याला माहीत असतं हे फेकणारच.

मग २२ ऑक्टोबरला डॉल्टनचा कार अॅक्सिडेंट झाला, अंगठा दुखावला. यंग परत आला तो कोणाच्या हुशारीने नाही, ह्या अपघातामुळे, हे कागदावर असायला हवं कारण नंतर टीमने आमचं सगळं प्लॅनिंग होतं असा चेहरा केला. बाकी पाच आठवडे बाजूला उभं राहून बघण्याचा फायदा झालाच असणार, तो नाकारत नाही. डेन्व्हरला हरला, मग सेंट्सला २३-२२ आणि म्युनिकमध्ये जायंट्सला २०-१७ हरवलं. कॅन्सस सिटीशी ३०-२७ अशी निसटती हार, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं की ह्याचे पाय थांबलेत. पॉकेटमध्ये उभा राहतोय, अंगावर माणूस येत असताना लांबचा बॉल सोडतोय.

८ डिसेंबरला फिलाडेल्फियाला २२-१६ ने मागे, मॅचचं शेवटचं मिनिट. यंगने लांब पल्ल्याचा बॉल सोडला, रिसीव्हर झेव्हियर लेगेट एंड झोनपाशी, म्हणजे टचडाउनच्या रेषेपाशी, बॉल सरळ दोन्ही हातात, आणि जमिनीवर पडताना सुटला. खाली बघितलं तर स्टॅटशीटवर काय, एक अपूर्ण पास, ब्राइस यंगच्या नावावर. तो बॉल लेगेटच्या हातात राहिला असता तर पुढे सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकणाऱ्या टीमला तिच्या घरात हरवल्याची गोष्ट आज लोक सांगत असते. फेकणाऱ्याने दोन्ही गोष्टींमध्ये अगदी तेच केलेलं असतं.

सीझनची शेवटची मॅच अटलांटाला, ओव्हरटाइममध्ये ४४-३८, यंगचे ३ टचडाउन पासने आणि २ स्वतः पळून. परतल्यानंतर १५ टचडाउन आणि ६ इंटरसेप्शन, पहिल्या दोन मॅचमध्ये शून्य आणि ३ होते.

हे घर आणि त्यातले भाडेकरू

एक गोष्ट राहिली. यंगच्या आधी ह्याच टीमने २०२१ ला सॅम डार्नल्ड आणला, २०१८ च्या ड्राफ्टमधला तिसरा, आणि २०२२ ला बेकर मेफील्ड, त्याच ड्राफ्टमधला पहिला. दोघांनाही इथे जमलं नाही, मेफील्डला तर डिसेंबरमध्ये सोडूनच दिलं. पुढे मेफील्डने टँपात बस्तान बसवलं. डार्नल्ड २०२४ ला मिनेसोटासोबत १४-३ आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये सिअॅटलकडून सुपर बोल जिंकला. एका भाडेकरूने सांगितलं घरात पाणी येत नाही तर तुम्ही म्हणाल तो कुरकुऱ्या आहे. तिसऱ्याने सांगितल्यावर नळ तपासायला पाहिजे की नको?

घाई का होते ह्याचं मोठं कारण पैसा आहे. २०१० ला पहिल्या नंबरच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर मिळाले, २०११ ला नियम बदलले आणि कॅम न्यूटनला, तोही पहिला नंबर, चार वर्षांचे २ कोटी २० लाख. म्हणजे रूकी क्वार्टरबॅक आता स्वस्त, आणि तो चांगला निघाला तर ती चार-पाच वर्षं बाकी टीम बांधायला पैसा उरतो. म्हणून सगळ्यांना तो पहिल्या दिवसापासून खेळवायचा असतो आणि तिसऱ्या वर्षानंतर कराराच्या पाचव्या वर्षाचा पर्याय घ्यायचा की नाही ते ठरवायचं असल्यामुळे निकालही लवकर पाहिजे असतो. पूर्वी डॅलसने १९८९ ला ट्रॉय एकमनला ठेवला, तो त्या वर्षी ११ मॅच खेळला आणि अकराही हरला. पेटन मॅनिंगने १९९८ ला २८ इंटरसेप्शन दिले, टीम ३-१३. आजच्या ग्रुपवर दोघांचं विसर्जन पहिल्या दिवाळीलाच झालं असतं.

तरी मी यंगला त्या रांगेत बसवत नाही. २०२५ मध्येही तो असाच वरखाली होता, नोव्हेंबरमध्ये सेंट्सकडून घरी १७-७ ने हरले तेव्हा परत तोच जवळच्या जवळ फेकणारा पोरगा दिसला, आणि सातच दिवसांनी अटलांटाला ४४८ यार्ड, न्यूटनच्या वरचा, क्लबच्या इतिहासातला एका मॅचचा सगळ्यात मोठा आकडा. टीम ८-९, म्हणजे जिंकल्यापेक्षा हरलेल्या जास्त, पण डिव्हिजनच, म्हणजे आमचा गटच, एवढी गरीब होती की पहिला नंबर आला आणि प्लेऑफची मॅच शार्लटमध्ये झाली. आता त्याच्याकडे टेटाइरोआ मॅकमिलनसारखा खरा रिसीव्हर होता, म्हणजे मूरची जागा भरायला दोन वर्षं लागली. १० जानेवारी २०२६ ला रॅम्सकडून ३४-३१ हरले, शेवटच्या मिनिटापर्यंत टिकून. मला विचाराल तर तो ठीकठाक, कधी कधी खूप चांगला क्वार्टरबॅक आहे, त्याच्यासाठी दिलेली किंमत कधीच वसूल होणार नाही, आणि ह्या दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही कारण किंमत त्याने नाही ठरवली.

त्या रॅम्सच्या मॅचला आम्ही सगळे नाशिककराच्या घरी होतो. मी विचारलं, पिशवीतली जर्सी गेली का शेवटी? तो म्हणाला बायकोने दुसऱ्याच दिवशी परत काढून धुवून ठेवली होती, चांगले शंभर डॉलर मोजलेत म्हणून. पोराला आता ती होत नाही. धाकटी घालून फिरत होती, तिच्या घोट्यापर्यंत येते.